नदीवर मोटर टाकताय? उन्हाळी ओलितात या चुका टाळा

फेब्रुवारी सरला की नागपूरकडच्या पेंच आणि कन्हान नद्यांचं पात्र आटू लागतं. वाळू उघडी पडते, मधले डोह तेवढे राहतात. पावसाळ्यापर्यंत मासे त्याच डोहात तग धरतात, वरच्या अंगाला जंगलातली जनावरं तिथंच तहान भागवतात, आणि आपल्या मोटरीचे पाइपही तिथंच सोडलेले असतात. म्हणून माझं सांगणं एवढंच की स्टार्टरला हात लावण्याआधी डोहाची पातळी बघा.

सर्वात जास्त पाणी वाया जातं ते ऑटो स्विचमुळं, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या स्विचमुळं. थ्री फेज लाइन रात्री येते, आपण ऑटो लावून घरी झोपतो. दोन वर्षांआधी माझ्याच वावरात असं झालं. सकाळी गेलो तर गव्हात पिंढरीभर चिखल, धुरा फुटलेला, पाणी नाल्याला लागलेलं. डोहावर गेलो तर काठच्या काळ्या दगडावर हातभर ओला पट्टा, आणि खाली गाळात उघडे पडलेले शिंपले. काही अजून जिवंत होते, ते उचलून पाण्यात टाकले. त्या दिवसापासून स्टार्टरला टायमर बसवला आणि त्याच दगडावर ऑइलपेंटनं खूण मारली. पाणी खुणेच्या खाली गेलं की मोटर बंद, मग लाइन असो की नसो.

टायमर किती तासांचा लावायचा? पाच एचपीची मोटर म्हणजे इतकं पाणी, असा अंदाज करू नका. पाइपची लांबी आणि चढ यांवर पाणी बदलतं. वावरातल्या तोंडाशी 200 लिटरचा ड्रम ठेवा आणि मोबाइलवर वेळ मोजा. 20 सेकंदांत भरला तर सेकंदाला 10 लिटर, म्हणजे तासाला 36 हजार. एका एकरावर एक इंच पाणी द्यायला साधारण एक लाख लिटर लागतं, म्हणजे पावणेतीन-तीन तास. आपण रात्रभर सोडतो ते किती होतं, याचा हिशेब तुम्हीच करा.

मोटर चालू आहे पण पाणी येत नाही, किंवा गुरगुरत तुटक येतं, तेव्हा बहुतेक जण मिस्त्रीला फोन लावतात. आधी पाण्यापासून मोटरीपर्यंतची उभी उंची मोजा. काठावरची मोटर सहा-सात मीटरच्या वर पाणी नीट ओढत नाही. नदी उतरली की ही उंची आपोआप वाढते. मग सक्शनचे (पाणी ओढणाऱ्या पाइपचे) जॉइंट, ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग) आणि फुटबॉल, म्हणजे पाइपच्या पाण्यातल्या टोकाचा फूट वॉल्व्ह, तपासा. फुटबॉल पाण्यात नीट बुडालेला नसेल तर भोवरा पडून हवा आत जाते. मोटर थोडी खाली सरकवा, नाहीतर डिलिव्हरीचा वॉल्व्ह थोडा दाबून पाणी कमी करा. पण जेसीबी लावून पात्रात खड्डा खोदू नका. आजूबाजूचं सगळं पाणी त्या एका खड्ड्यात उतरतं, आणि खालच्या शेतकऱ्याच्या पाइपला कोरडी वाळू लागते.

फुटबॉलला बारीक जाळीही बांधा. माशांची पिल्लं आत ओढली जात नाहीत आणि पालापाचोळा अडकायचा त्रासही कमी होतो.

काठावरच्या विहिरीचं पाणी नदीचं नाही, असं धरून चालणंही चूकच. वाळूच्या पट्ट्यात दोन्ही पाणी एकच असतं. विहीर रात्रभर उपसली की डोह उतरतो.

संत्र्याला बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. दुहेरी आळं करून बाहेरच्या आळ्यात पाणी द्या. पाणी वाचतं आणि बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगालाही, डिंक्यालाही, आळा बसतो.

परवानगीचं काम दिवाळीआधीच उरका. नदीतून उपसा करायला जलसंपदा विभागाची मंजुरी लागते, कालव्याच्या पाण्यासाठी नमुना 7 चा अर्ज भरावा लागतो. नागपूर शहराचं पिण्याचं पाणीही पेंच-कन्हानमधूनच उचललं जातं, आणि टंचाईत पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा.

शेवटची गोष्ट व्हेंचुरीची, म्हणजे पाण्याच्या पाइपमध्ये खत ओढून सोडणाऱ्या साधनाची. खत सोडताना लाइन गेली तर पाइपमधलं पाणी उलटं फिरतं आणि युरिया सरळ डोहात जातो. व्हेंचुरीच्या आधी, मोटरीच्या बाजूला, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा वॉल्व्ह) बसवा आणि दर महिन्याला उघडून त्याची झडप नीट बसते का ते बघा. डिझेल इंजिन असेल तर त्याच्याखाली पत्र्याचा ट्रे ठेवा, म्हणजे सांडलेलं तेल डोहात जाणार नाही.