पाठकोरं समजून सोडू नका

जाहिरातीत एवढंच होतं: डेटा एंट्री ऑपरेटर, बारावी पास, टायपिंग येणं आवश्यक. मला वाटलं, एसीत बसून कीबोर्ड बडवायचा. पहिल्या दिवशी हातात पडला तो स्टेपल काढायचा चिमटा, आणि तीन आठवडे तोच हातात राहिला.

काम होतं एका सरकारी खात्याचे जुने कागद स्कॅन करायचं. खातं कोणतं ते सांगत नाही. घरोघर त्यांचा मीटर असतो, महिन्याला बिल येतं, आणि सेवा बंद पडली की लोक शिव्या घालतात, एवढं पुरे. मी डिचोलीचा, काम पणजीत, नोकरी खात्याची नव्हे तर ठेकेदाराची. ठेकेदाराला पानामागे पैसे, आम्हाला महिन्याचा ठरलेला पगार. हा फरक नवीन मुलांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. वरून घाई का होते आणि खालून चुका का होतात, ते त्यातच आलं.

काम सुरू झालं ऐन जूनमध्ये. गोव्याच्या पावसात जुना कागद म्हणजे ओला पापड. बस्ता, म्हणजे फायलींचा बांधलेला गठ्ठा, सोडला की आधी बुरशीचा वास, मग कसरीची पळापळ. टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या. ओढून काढली की कागदाचा कोपरा तिच्यासोबत येतो, आणि फाईल नंबर नेमका त्याच कोपऱ्यात असतो. म्हणून टाचणीच्या दोन्ही बाजूंनी कागद बोटांनी दाबून धरायचा आणि ती हळूच फिरवत सोडवायची. चिकटलेली पानं पंख्याखाली पसरून एक दिवस जाऊ द्यायचा. हेअर ड्रायर वापरू नका. आमच्यातल्या एकाने वापरला आणि पानं चण्याच्या पुडीसारखी वळली. मास्क चांगला घ्या, तो ठेकेदार देईल याची वाट बघू नका.

स्कॅनिंग स्वतः सगळ्यात सोपं. साधा टाईप केलेला कागद ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) पुरतो, फिकट शाई किंवा बारीक अक्षर असेल तर ४०० ते ६००. ए-४ पान ३०० डीपीआयला ग्रे छटांमध्ये घेतलं तर कॉम्प्रेस न करता साधारण ८.७ एमबी होतं, फक्त काळं-पांढरं घेतलं तर एकच एमबी. साहजिकच वरून हुकूम येतो, 'काळं-पांढरं करा'. टाईप केलेल्या पानांना चालतं. निळ्या शाईच्या सह्या, जांभळे शिक्के आणि पेन्सिल मात्र त्यात उडून जातात. मोठे नकाशे फीडरमध्ये, म्हणजे कागद आपोआप आत ओढणाऱ्या ट्रेमध्ये, घालायचेच नाहीत, त्यांना रुंद स्कॅनर वेगळा असतो. ट्रेसिंग पेपर तर घडीवरच तुटतो.

आता माझी चूक सांगतो, कारण या कामात मी जे शिकलो ते तिच्यातूनच.

स्कॅनरमध्ये कोरी पानं आपोआप गाळायची सोय असते. दोन्ही बाजू स्कॅन होतात, आणि मागची बाजू कोरी दिसली की सॉफ्टवेअर ती टाकून देतं. किती शाई असली तर पान 'कोरं' म्हणायचं नाही, ते आपण ठरवायचं असतं. मी तो काटा जरा जास्तच वर ठेवला. फायली लहान झाल्या, सुपरवायझर खूश. अकरा बस्ते तसेच गेले.

रेकॉर्ड रूम सांभाळणारे काका निवृत्तीला आलेले. रोज दुपारी चहा घेऊन येऊन आमच्या स्क्रीनमध्ये डोकावायचे. एक दिवस जुन्या जोडणीचा एक अर्ज बघून म्हणाले, "फाटलें पान खंय रे पुता?"

शेजारी बेळगावचा मुलगा होता. तो लगेच म्हणाला, "काका, एकही फाटलेलं नाही, सगळी धड आहेत." मला कोंकणी कळत असल्याने मी गार झालो. ते मागच्या पानाबद्दल विचारत होते.

मूळ कागद काढला. अर्जाच्या पाठीवर विटलेल्या निळ्या शाईत दोन ओळी: माझ्या जागेतल्या या घराला जोडणी द्यायला माझी हरकत नाही, खाली भाटकाराची सही. सॉफ्टवेअरच्या लेखी ते कोरं पान होतं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, भाटकार म्हणजे जमिनीचा मालक आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराला संरक्षण देणारा कायदा १९७५ चा आहे, आणि घर भाटकाराच्या संमतीने आहे का हा त्यात कळीचा मुद्दा. अशी दोन ओळींची ना-हरकत एखाद्या कुटुंबाकडे दुसरीकडे कुठेही नसते. काका म्हणाले, वर्षातून दोन-चार माणसं याच कागदासाठी खेपा मारतात.

अकरा बस्ते पुन्हा सोडले. रविवारीही आलो, त्याचे पैसे मिळाले नाहीत. त्यानंतर कोरी पानं गाळायची सोय मी बंदच ठेवली. डिस्कची जागा विकत मिळते हो.

स्कॅननंतरचं काम म्हणजे सूची. ग्राहकाचं नाव, गाव, जोडणी क्रमांक, तारीख. वाटतं हमालीचं, पण खरा कस इथेच लागतो. स्कॅन कितीही सुरेख असला तरी शोधल्यावर सापडला नाही तर तो कपाटात पडलेल्या कागदाइतकाच निरुपयोगी. गोव्यात तर गावांनाच दोन-दोन नावं. कागदावर रोमन लिपीत 'सँकेलिम' असतं ती आपली साखळी. 'बिचोलिम' म्हणजे डिचोली, 'पेर्नेम' म्हणजे पेडणे, 'कानाकोना' म्हणजे काणकोण. बाहेरून आलेल्या ऑपरेटरने साखळी आणि सँकेलिम दोन वेगळी गावं म्हणून भरली होती. त्याला काय बोलणार, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आडनावांचंही तेच. नाईक कुठे 'के'ने संपतो, कुठे 'क्यू-यू-ई'ने. शेट कधी 'एस'ने सुरू होतो, कधी 'एक्स'ने. आम्ही शेवटी तीन रकाने केले: कागदावर आहे तसं, आजचं प्रचलित रूप, आणि देवनागरी. कागदावरचं मात्र 'सुधारायचं' नाही, चुकीचं वाटलं तरी. तालुकाही बघून भरा. धारबांदोडा वेगळा तालुका झाला २०११ मध्ये, त्यामुळे त्या गावाच्या जुन्या कागदावर तालुका सांगे दिसेल. ती चूक नव्हे.

तारीख नसलेले कागद भरपूर निघतात. माथ्यावर 'गोवा, दमण आणि दीव' छापलेलं असेल तर कागद बहुधा ३० मे १९८७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी गोवा राज्य झालं. बहुधा म्हणायचं कारण, सरकारी कचेरीत जुनी स्टेशनरी संपेपर्यंत वापरतात. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा. असा अंदाज तारखेच्या रकान्यात घालू नका. शेरा म्हणून वेगळा लिहा.

ओसीआरवर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं आपोआप वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, भिस्त ठेवू नका. टाईप केलेल्या इंग्रजीला ठीक आहे, पण हाताने लिहिलेल्या मराठी अर्जावर ते जे काही काढतं ते वाचून आम्ही जेवणाच्या सुट्टीत हसायचो.

आणखी एक. स्कॅन झाला म्हणून कागद रद्दीत, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. आणि मूळ कागद किती वर्षं ठेवायचा हे खात्याने ठरवायचं, ऑपरेटरने नव्हे. तुम्ही फक्त कोणता बस्ता कधी घेतला, कधी परत दिला, याची सहीनिशी वही ठेवा. कागद गहाळ झाल्याची बोंब उठली की सगळ्यांची बोटं ठेकेदाराच्या पोरांकडेच वळतात.

नोकरी म्हणून बघाल तर काम संपलं की करार संपतो. स्कॅनिंगवरच राहिलात तर पुढच्या ठेक्यातही स्कॅनिंगच. मी चौथ्या महिन्यात सूची तपासायच्या टेबलावर मागून जागा घेतली, एक्सेलही तिथेच बसून शिकलो. पुढचं काम मिळालं ते त्याच्या जोरावर. त्या टेबलावर असताना काका निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्याशेजारी वही घेऊन बसलो होतो: कोणत्या रंगाचं कव्हर कशाचं, कोणता हेडक्लार्क नोंदी कुठे लिहायचा, १९७० च्या दशकातले कोणते रजिस्टर दुसऱ्याच नावाने बांधलेत. चाळीस पानं झाली. ती पण स्कॅन केली, दोन्ही बाजूंनी.