खो वेळेवर द्या: नव्या कर्णधार मुलींसाठी

सांगलीत एका क्लबच्या महिला खो-खो संघाची मी सहा वर्षं कर्णधार होते. यंदा कर्णधारपद मिळालेल्या मुली विचारतात, "ताई, जिंकायचं कसं?" उत्तर द्यायला मला माझ्या एका हरलेल्या सामन्यापासूनच सुरुवात करावी लागते.

जिल्ह्याचा अंतिम सामना होता. आक्रमण आमचं, शेवटचं मिनिट, आणि बरोबरीला एक गडी हवा होता. समोरची मुलगी साखळी खेळत, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत, खांबाकडे सरकत होती आणि मी तिच्या मागे. पाठलाग करणारीला खांब गाठेपर्यंत मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला पट्टा, ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशाही बदलता येत नाही. म्हणून तर आठ जणी एकआड एक उलट तोंडं करून बसलेल्या असतात: मला जाता येत नाही तिथं, खो दिला की, त्यांना जाता येतं. मला सगळं पाठ होतं. पण तो गडी मला स्वतः मारायचा होता. मी खांबावर सूर मारला, ती आतून निघून गेली आणि शिट्टी झाली.

नंतर पाटीवर बसलेली आमची सर्वात लहान खेळाडू म्हणाली, "ताई, ती माझ्यासमोरनं हातभर अंतरावरनं गेली. मी खोची वाट बघत होते." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी वेगळी वही ठेवली. गुणपत्रकात गडी टिपणारीचं नाव येतं. तिच्या आधी दोन खो कोणी अचूक दिले, पळणारीला कोपऱ्यात कोणी ढकललं, हे तिथं कुठंच नसतं. वहीत मी तेवढंच लिहायचे आणि सामना संपल्यावर मोठ्यानं वाचायचे. महिन्याभरात खो लवकर पडायला लागले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा प्रियांका इंगळेच्या संघानं नेपाळला ७८-४० असं हरवलेला अंतिम सामना आम्ही मुलींबरोबर पाहिला. त्यांना सांगितलं, गुण मोजू नका, प्रत्येक गडी बाद होण्याआधीचा खो कोणी दिला ते बघा. तुम्हीही बघा, खेळ वेगळाच दिसतो.

संरक्षणाच्या, म्हणजे पळणाऱ्या मुलींच्या, तुकड्या लावताना कर्णधाराची खरी परीक्षा असते. तिघी-तिघी आत जातात, एक तुकडी बाद झाली की पुढची. आक्रमक ताज्या दमाच्या असतात, म्हणून सर्वात जास्त टिकणाऱ्या तिघी मी पहिल्या पाठवायचे. पण एक शांत डोक्याची मुलगी तिसऱ्या तुकडीसाठी राखायचे. ९ मिनिटांच्या पाळीत पहिल्या दोन तुकड्या छान पळाल्या तर तिसरीला पळायलाच मिळत नाही. तासगावहून पहाटेच्या एसटीनं आलेली मुलगी तशीच घरी जाते. त्या दिवशी तिच्याशी कर्णधारानं स्वतः बोलायचं, सरांवर सोडायचं नाही. तिला का राखलं होतं, हे तिला सामन्याआधीच माहीत असलं पाहिजे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. आमच्या मैदानावर गाळ बसला, खांब तेवढे वर दिसत होते. चौघींच्या घरांत पाणी होतं. आम्ही आधी त्यांची घरं धुतली, भांडी घासली, ओल्या गाद्या गच्चीवर नेल्या आणि मग मैदानाकडे वळलो. घमेल्यानं गाळ काढायला आठवडे गेले, सराव बुडाला. मला भीती होती की वर्ष वाया जाणार. पण त्या हंगामात कोणी कुणाच्या चुकीवर ओरडलं नाही. माझ्या मते आमचा संघ तिथं तयार झाला, माझ्या कुठल्याही डावपेचानं नाही.

नोकरीचंही सांगते, कारण आई-वडील तेच विचारतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे प्रमाणपत्रं जपून ठेवा. मात्र कर्णधार म्हणून स्वतःच्या प्रमाणपत्रासाठी खेळू लागलात तर पाटीवरच्या आठ जणींना ते पहिल्याच सामन्यात कळतं.

पहिल्या सरावाला एवढंच करा. पाच मिनिटं गडी मारायचाच नाही, फक्त खो द्यायचे, मोठ्यानं, आणि खो मिळालेलीनं देणारीचं नाव घ्यायचं. आणि त्यात तुम्हीही पाटीवर बसा. तिथून पळणारी किती जवळनं जाते ते बघा.