दोन ते आठ आठवड्यांची कोंबडीची पिल्लं: खाद्य कसं द्यावं, आजार कसा ओळखावा

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सगळेच जपतात. बल्ब लावलेला असतो, गुळाचं पाणी दिलेलं असतं, रात्री उठून पाहणंही होतं. पंख फुटून पिल्लं अंगणात पळायला लागली, की घरादाराचं लक्ष कापूस-सोयाबीनकडं वळतं आणि पिल्लांपुढं सकाळी मूठभर ज्वारी टाकली की भागलं असं वाटतं. गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातींना हे भागत नाही. त्या झपाट्यानं वाढतात आणि वाढीच्या काळात पोटात प्रथिनं कमी पडली, की साधा आजारही त्यांना झेपत नाही. म्हणून या लेखात खाद्य आणि आजार एकत्रच घेतले आहेत.

आधी खाद्याचं बघू

आठ आठवड्यांपर्यंत खाद्यात साधारण २० टक्के प्रथिनं लागतात. ज्वारीत किंवा मक्यात ती जेमतेम ९-१० टक्के असतात. पहिले चार आठवडे विकतचं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्यच द्यावं, तिथं काटकसर करू नये. त्यानंतर घरी मिश्रण करायचं तर १० किलोसाठी साडेपाच किलो मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, ३ किलो सोयाबीन पेंड, सव्वा किलोच्या आसपास गव्हाचा कोंडा आणि पाव किलो कोंबड्यांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण घ्यावं. मीठ ३० ग्रॅमच. मिश्रणाच्या पाकिटावर मीठ लिहिलेलं असेल तर वरून घालू नये. आठ आठवड्यांनंतर पेंड २ किलोवर आणून कोंडा तेवढा वाढवावा. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर येईपर्यंत १६-१७ टक्के प्रथिनं पुरतात.

आपल्याकडं सोयाबीन घरचं असतं, त्यामुळं तेच भरडून घालायचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. पिल्लं खातात, पण अंगी लागत नाही आणि हगवण लागते. तेल काढताना उष्णता मिळालेली पेंडच वापरावी. म्हशीसाठी आणलेली सरकी किंवा सरकी पेंडही पिल्लांपुढं टाकू नये, तिच्यातला गॉसिपॉल नावाचा विषारी घटक त्यांना बाधतो. लेअर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्यही नको. अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतं, पिल्लांना एक टक्का पुरतं, आणि जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडावर येतं.

परतीच्या पावसात भिजलेला, काळा पडलेला मका स्वस्त मिळतो. तो घेऊ नका. त्या बुरशीचं विष, म्हणजे अफलाटॉक्सिन, पिल्लाचं यकृत खराब करतं आणि प्रतिकारशक्ती इतकी उतरवतं की दिलेली लसही नीट लागू होत नाही. दाणे धुऊन, वाळवून हे विष जात नाही.

पाणी खाद्याच्या दुप्पट लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खाद्य पहाटे आणि दिवस मावळताना द्यावं, भर दुपारी फक्त सावलीत गार पाणी ठेवावं.

रोज सकाळी विष्ठा पाहा

खुराडं उघडल्यावर झाडू मारायच्या आधी खाली वाकून विष्ठा पाहायची. निरोगी विष्ठा घट्ट, तपकिरी आणि वर पांढरा ठिपका अशी असते. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी पातळ, चॉकलेटी, उग्र वासाची पडते, तिला घाबरू नये.

तीन ते आठ आठवड्यांत सगळ्यात जास्त घात करते ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. लाल विष्ठा दिसण्याआधी एक-दोन पिल्लं पंख पाडून, मान आखडून कोपऱ्यात उभी राहतात, तुरा फिका पडतो, खाद्य मागं उरतं. या रोगाचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. त्यामुळं औषधाइतकंच मोल खुराड्यात खाली अंथरलेल्या कोरड्या तुसाला आहे. मूठभर तूस हातात दाबा. गोळा झाला तर ओल जास्त आहे. ओला भाग काढून टाका, उरलेलं रोज वर-खाली करा आणि पाण्याचं भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. बहुतेक ओल त्या भांड्याभोवतीच होते.

रक्त दिसलं तर त्याच दिवशी अॅम्प्रोलियम पाण्यातून सुरू करावं. प्रमाण पाकिटावरचं किंवा डॉक्टर सांगतील ते, आणि तेवढे दिवस दुसरं पाणी ठेवायचं नाही. हे औषध जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून त्यासोबत बी-कॉम्प्लेक्स देऊ नये. औषधाचा कोर्स संपल्यावर द्यावं.

पाय सांगतात ते वेगळं

पिल्लू घोट्यावर बसून चालतंय आणि बोटं आत मुठीसारखी वळली आहेत, तर बी-२ कमी पडलंय. लवकर लक्षात आलं तर बी-कॉम्प्लेक्सनं उठतं. एक पाय पुढं आणि एक मागं ताणून पडलं असेल, तर मरेक्स या विषाणूच्या रोगाची शंका घ्यावी. त्याला इलाज नाही. त्याची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी द्यावी लागते, म्हणून पिल्लं घेतानाच तसं विचारून घ्यावं.

लसी

पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा या मानमोडीच्या (राणीखेत) लसीचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, आणि सहा ते आठ आठवड्यांत मानमोडीची आरटूबी व देवीची लस. मानमोडी लागली, हिरवट हगवण सुरू होऊन माना वाकड्या व्हायला लागल्या, की औषध नाही. लशीची बाटली साधारण शंभर पक्ष्यांच्या पुढचीच मिळते, तेव्हा गल्लीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी टोचून घ्यावं. बाटली बर्फात आणायची, फोडली की दोन तासांत संपवायची. आजारी पिल्लांना लस देऊ नये.

मर लागली तर

मेलेलं पिल्लू उकिरड्यावर टाकू नका आणि उरलेली घाईघाईनं बाजारात विकू नका. ताजं मेलेलं एखादं पिल्लू पिशवीत, बर्फावर घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथं विचारा. शवविच्छेदनात आतड्यावरून रोग बहुधा कळतो आणि उरलेल्या पिल्लांवरचा औषधाचा अंदाधुंद खर्च वाचतो.

मात्र एका रात्रीत बरीच मेली, तोंड सुजलं, तुरे निळे पडले, तर हात लावू नका, काही हलवू नका, दवाखान्याला फोन करा. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता, २०२५ च्या जानेवारीत उदगीरच्या मेलेल्या कावळ्यांत तो सापडला.

एरवीच्या रोगात मेलेली पिल्लं विहीर-बोअरपासून लांब, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. तूस जाळावं, खुराडं धुऊन चुना मारावा, आणि नवी पिल्लं आणण्याआधी निदान दोन आठवडे ते उन्हात उघडं, रिकामं राहू द्यावं.