आयरिश पूर्वज शोधताय? आधी वाडीचं नाव मिळवा
नुसतं ‘काउंटी कॉर्क’, म्हणजे जिल्ह्याचं नाव, एवढ्यावर काही हाती लागत नाही; ‘टाउनलँड’, म्हणजे आपल्या वाडीएवढा भाग, कळायला हवा. त्याचा पत्ता बहुधा पूर्वज जिथे जाऊन राहिले तिथेच लागतो : बॉस्टनच्या चर्चमधली लग्नाची नोंद, थडग्यावरचा दगड. लग्नातल्या साक्षीदारांची नावंही टिपून ठेवा, ते पुष्कळदा गाववालेच असतात. मग ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ (१८४७–१८६४), म्हणजे करआकारणीसाठी केलेली आयर्लंडभरच्या घर-जमिनींची नोंद, उघडा. त्यात घरात राहणाऱ्यांची नि जमीन कसणाऱ्यांची नावं टाउनलँडवार आहेत. कॅथलिक चर्चच्या जुन्या नोंदवह्या आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. जनगणनेच्या मागे लागू नका, १९०१च्या आधीची जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे. आणि हो, ‘ओ’सलिव्हन’ सापडेना, तर नुसतं ‘सलिव्हन’ टाकून बघा.