मताधिकारासाठी लढणाऱ्या कृष्णवर्णीय नायिकेची प्रेमकथा कशी बांधावी

साताऱ्या-सांगलीत बसून दिवाळी अंकासाठी आठ-दहा हजार शब्दांची ऐतिहासिक प्रेमकथा लिहायची आणि नायिका अमेरिकेतली कृष्णवर्णीय कार्यकर्ती असेल, तर आधी तारखा मांडा, प्रेम नंतर. काळ आखूड घ्या. जानेवारी ते जून १९१३ पुरे. जानेवारीत कृष्णवर्णीय पत्रकार आणि कार्यकर्त्या आयडा बी. वेल्स यांनी शिकागोत (इलिनॉय राज्य) अल्फा सफ्रेज क्लब ही कृष्णवर्णीय स्त्रियांची मताधिकार संघटना काढली. ३ मार्चला, सोमवारी, वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी स्त्रियांचा मोठा मोर्चा निघाला. जूनमध्ये इलिनॉय राज्यातल्या स्त्रियांना अध्यक्षपदाच्या आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं, गव्हर्नरच्या नाही. शेवटच्या प्रकरणात पूर्ण मताधिकार मिळवून दिलात तर कथा तिथेच खोटी पडते.

प्रेमातला अडथळा काळातूनच काढा. चोरलेली पत्रं, कान भरणारी आत्या हा मालिकांचा माल झाला. त्या वेळी अनेक शहरांत शिक्षिकेनं लग्न केलं की नोकरी जायची. कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल यांना १८९१ मध्ये लग्नानंतर वॉशिंग्टनमधलं शिकवणं सोडावं लागलं. तुमच्या शहरात १९१३ साली हा नियम होता का, ते मात्र तपासा. असेल तर पेच आयताच मिळतो: हो म्हणावं तर पगार जातो, आणि त्या पगारावर धाकट्या भावंडांचं शिक्षण चाललेलं.

नायक तारणहार झाला की नायिका बसकण मारते. वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी आयडा यांचं लग्न १८९५ मध्ये झालं, तेही व्याख्यानांपायी तीनदा पुढे ढकलून. आणि माहेरचं नाव त्यांनी टाकलं नाही, वेल्स-बार्नेट असं लावलं. थांबता येणारा पुरुष रंगवायला अवघड, पण कथा त्याच्यावरच उभी राहते.

मोर्चाच्या प्रसंगाला निदान हजार शब्द द्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनी सर्वांत मागे चालावं, असं संयोजकांनी सांगितलं होतं. आयडा गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयची तुकडी येताच दोन गोऱ्या सहकारी स्त्रियांच्या मध्ये जाऊन चालू लागल्या. रस्त्यावरचे पुरुष मोर्चावर धावून येत होते, म्हणजे अपमान दोन्हीकडून. नायिका मागे चालते की पुढे घुसते, हा निर्णय तिचा तिनं घ्यावा. तो नायकाच्या तोंडून आला की प्रसंग वाया.

संवादांत इथली एक खोड हमखास दिसते: गोऱ्यांना पुस्तकी मराठी आणि कृष्णवर्णीयांना वाळव्याची बोली. शिकलेली शिक्षिका विनोदी पात्र होऊन बसते. दोघांना एकच मराठी द्या, फरक वाक्याच्या लांबीत आणि कोण कोणाला नावानं हाक मारतं यात दाखवा.

साताऱ्याचा धागा गुंफायचा मोह होईल. साताऱ्यात शिकलेल्या बाबासाहेबांना त्या मोर्चात उभं करू नका. ते न्यूयॉर्कला पोचले जुलै १९१३ मध्ये. धागा हवाच असेल तर जोतीरावांची ‘गुलामगिरी’ घ्या. १८७३ सालचं ते पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं होतं. नायिकेनं ते वाचलेलं मात्र दाखवू नका, मराठी पुस्तक तिथे वाचणार कोण!

उपसंहार अमेरिकेतल्या स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या १९२० च्या घटनादुरुस्तीवर नेणार असाल तर नायिकेची एखादी बहीण अलाबामात ठेवा. मतदानासाठी भरावा लागणारा कर आणि साक्षरतेच्या परीक्षा पुढे करून तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना १९६५ चा मतदान हक्क कायदा होईपर्यंत मतदानापासून लांबच ठेवलं गेलं. ती बहीण एका पत्रापुरती आली तरी चालेल.