मेढा सोडण्याआधीचे तीन आठवडे

इंदूरकडे पहिल्या पावसानंतर मेंढ्या माजावर येतात. जास्त मेंढ्यांना जुळी व्हावीत म्हणून मेढा कळपात सोडण्याआधी तीन आठवडे प्रत्येक मेंढीला रोज २५० ग्रॅम मका-भरडा सुरू करा. पहिले दोन दिवस १०० ग्रॅमच. एकदम वाढवला तर पोटात आम्ल होऊन मेंढी चारा सोडते. फायदा रोडावलेल्या मेंढीला जास्त होतो, लठ्ठ मेंढीवरचा भरडा वायाच. मेढा सोडल्यावरही दोन-तीन आठवडे खुराक चालू ठेवा.

जंताचं औषध याआधीच द्या. गाभण राहिल्यावर पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, गर्भाला अपाय होतो. गाईम्हशींचं खनिज मिश्रणही नको: त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठून विषबाधा होते.

२५-३० मेंढ्यांना एक मेढा पुरे. त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू दर दोन-तीन दिवसांनी लावा, म्हणजे त्याने लावलेल्या मेंढीच्या पाठीवर रंग उमटतो. माजाचं चक्र १७ दिवसांचं, म्हणून १७ दिवसांनी रंग बदला. बऱ्याच मेंढ्यांच्या पाठीवर दुसरा रंगही उमटला, म्हणजे त्या गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, तर आधी मेढ्यावर संशय घ्या. भर उन्हाळा सोसलेल्या मेढ्याचं वीर्य सावरायला सात-आठ आठवडे लागतात.

कायमची जुळी हवीत तर वाण बदलावा लागतो. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी वाणात आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेढा साध्या मेंढ्यांना लावला, की सगळ्या पाटींत (मादी कोकरांत) एकेक प्रत उतरते. दोन प्रतींच्या मेंढीला तिळीही होतात, तिसऱ्याला दूध पुरत नाही. जुलैतला गाभ पाच महिन्यांनी, ऐन थंडीत वितो. कोकरांसाठी कोरडा, वारा न लागणारा कोपरा आधीच करून ठेवा.