बोलावणं येण्याआधी: वास्कोत नव्यानं आलेल्या नौसैनिक कुटुंबांसाठी

सातारा, सांगली, कोल्हापूरकडून बदलीवर वास्कोला आलेल्या कुटुंबाची पहिली धावपळ ठरलेली: घर, गॅस, शाळा. ती चुकत नाही. पण इथल्या पोस्टिंगचा खरा ताण पुढे असतो. दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाईतळावरची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, विमानवाहू जहाजावर चढते, तटरक्षक दलाचं जहाज गस्तीवर निघतं, कुणाला अचानक कोर्सला धाडतात. तारीख आधी कळेलच असं नाही, आणि कळली तरी ती घरी सांगता येईलच असंही नाही. अशा वेळी युनिट मदतीला येतं, मनापासून येतं. पण ज्यांची नोंद आहे त्यांच्याच मदतीला येतं. तुमचा पत्ता आणि फोन नोंदीत नसेल, तर साहेब कितीही भला असो, त्याला तुमचं दार सापडणार नाही.

नौदलात प्रत्येक नाविकामागे एक डिव्हिजनल ऑफिसर असतो. त्याला सगळे डीओ म्हणतात. नाविकाची रजा, घर, मुलांची शाळा, घरातलं आजारपण, डोक्यावरचं कर्ज, हे सगळं बघणं त्याच्या कामातच येतं; उपकार म्हणून तो ते करत नाही. म्हणून संकोच नको. वाट मात्र ठरलेली आहे: आधी डिव्हिजनल चीफ (डीओच्या हाताखालचा ज्येष्ठ नाविक), मग डीओ, मग वर. एकदम सीओसाहेबांकडे, म्हणजे युनिटच्या प्रमुखाकडे (कमांडिंग ऑफिसर), धाव घेतली, तर कागद फिरून पुन्हा डीओच्याच टेबलावर येतो आणि मधले चार दिवस वाया जातात.

हजर झाल्याच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्यानं डीओकडे एवढं लिहून द्यावं: क्वार्टरचा किंवा भाड्याच्या घराचा पूर्ण पत्ता, बायकोचा स्वतःचा नंबर, गावाकडच्या एका जबाबदार माणसाचा नंबर, सगळ्यांचे रक्तगट, कायमची औषधं चालू असतील तर ती. बायको गरोदर असेल तर डॉक्टरांनी दिलेली तारीखही द्या. ती आधी कळली तर रजेचा विचार ड्यूटीची यादी लागण्यापूर्वी होतो. यादी लागल्यावर डीओचेही हात बांधलेले असतात. आणि एक प्रश्न न चुकता विचारा: सगळे गेल्यावर किनाऱ्यावर मागे कोण राहणार? चांगला सीओ निघण्याआधी कुटुंबांना एकत्र बोलावतो, त्या माणसाची ओळख करून देतो, त्याचा नंबर देतो. बैठक झाली नाही, तर नंबर मागून घ्या. सोबत बेसच्या ऑफिसर ऑफ द डेचा, म्हणजे त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या अधिकाऱ्याचा, नंबरही घ्या, कारण तिथे रात्री दोन वाजताही कुणीतरी फोन उचलतं. दोन्ही नंबर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. मोबाइल बंद पडला तर शेजारीण तरी वाचेल.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. लग्न किंवा बाळाचा जन्म जेनफॉर्मनं, म्हणजे असे बदल कळवायच्या नौदलाच्या फॉर्मनं, रेकॉर्डवर चढेपर्यंत बायको-मूल युनिटच्या लेखी नसतातच. मग डिपेंडंट कार्ड (कुटुंबीयांचं ओळखपत्र) नाही, म्हणून नौदलाच्या दवाखान्यातही अडचण. आता आपल्याकडची गंमत बघा. विवाह प्रमाणपत्रावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं, बँकेत मधलं नाव वडिलांचं, आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव. चार कागदांवर चार बायका! कारकून फाइल परत पाठवतो, आणि त्याचं चुकतही नाही. आधी एक नाव पक्कं करा, त्याप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्या, मग बँक, मग जेनफॉर्म. उलट्या क्रमानं गेलात तर सगळं पुन्हा करावं लागेल. पणजीकडे लष्करात आलेल्यांना हाच नियम. तिथे जेनफॉर्मऐवजी पार्ट टू ऑर्डर नावाचा नोंदीचा आदेश निघतो, आणि कुटुंबाची नोंद किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे नातेवाइकांच्या यादीत होते.

नॉमिनेशनही तपासा. भरती होताना मुलानं आईचं नाव दिलेलं असतं, आणि लग्नानंतर ते बदलायचं राहून जातं. नेव्हल ग्रुप इन्शुरन्स, भविष्य निर्वाह निधी, बँक खातं, खाजगी विमा या सगळ्यांचे फॉर्म वेगवेगळे आहेत. एका ठिकाणी बदललं म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. आईला काही द्यायचं असेल तर हिस्से टक्क्यांत लिहिता येतात. हे घरात बोलून ठरवा, म्हणजे पुढे सासू-सुनेत गैरसमज होत नाही.

आता फोन. नवरा समुद्रावर गेला की त्याचं सिम बंद, आणि घराचा सगळा व्यवहार त्याच सिमवर! बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, वीजबिल, शाळेचं अ‍ॅप, सगळं त्याच्या नंबरला जोडलेलं. खात्यात पैसे असून हाताला लागत नाहीत. उपाय सोपा आहे, पण आधी करायला हवा. खातं जॉइंट आणि ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करा, म्हणजे दोघांपैकी कुणा एकाच्या सहीवर व्यवहार होतो, बायकोच्या नावाचं वेगळं एटीएम कार्ड काढा, तिचा नंबर खात्याला जोडा. त्याहून बरं म्हणजे घरखर्चाची ठरावीक रक्कम पगारातून दर महिन्याला तिच्या स्वतंत्र खात्यात जाऊ द्या. मग निघण्याआधी एक महिना सगळी बिलं तिनंच भरून बघावीत. जिथे अडेल ते तेव्हाच कळतं.

केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात मागच्या ७ वर्षांतल्या बदल्या मोजतात. युनिटनं दिलेल्या दाखल्यात प्रत्येक ठिकाणच्या हजर होण्याच्या आणि निघण्याच्या तारखा हव्यात, कारण २० किमीपेक्षा कमी अंतराची किंवा ६ महिन्यांपेक्षा कमी मुक्कामाची बदली धरत नाहीत. नुसती ‘३ बदल्या’ असं लिहिलेला दाखला परत येतो. सही-शिक्का आणि तारीख नीट उमटलीय ना, ते ऑफिसातच बघून घ्या. वरुणापुरीतलं नेव्ही चिल्ड्रन स्कूल जवळ पडतं, पण तिथेही जागा मर्यादित. ट्रान्सफर ऑर्डर हातात आली की लगेच चौकशी करा. शिक्षणभत्ता पहिल्या दोन मुलांना, प्रत्येकी दरमहा २,८१२.५० रुपये, आणि तो वर्ष संपल्यावर मुख्याध्यापकांच्या दाखल्यावर मिळतो. पावत्यांचा ढीग जमवायची गरज नाही.

क्वार्टर मिळेपर्यंत भाड्यानं राहणार असाल तर घरमालकानं पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिलीय का, ते विचारा. मूळ कागदपत्रं जूनच्या आत प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा. इथल्या पावसाळ्यात कपाटातल्या फाइलींना बुरशी लागते. तातडीला १०८. नौदलाचं रुग्णालय जीवंती, आणि ते लांब पडत असेल तर चिखलीचं उपजिल्हा रुग्णालय. बाहेर दाखल व्हावं लागलं तर त्याच दिवशी युनिटला कळवा, नाहीतर बिलाचा परतावा अडतो.

कॉलनीत सगळ्याच एकमेकींच्या भाभी होतात, आणि ते बरंच आहे. पण जहाज कुठे आहे, कधी परतणार, हे भाभींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, विचारूही नका. बातमी युनिटच्या माणसाकडून आली तरच खरी धरा. कल्याण केंद्रातला तंबोला, हळदीकुंकू होऊ द्या, गंमत असते. पण आपल्या इमारतीत रात्री गाडी काढू शकेल अशी एक बाई ओळखीची करून घ्या. त्याचा उपयोग तंबोलापेक्षा जास्त होतो.

गावाकडे जमिनीचा दावा चालू असेल तर तेही डीओला सांगून ठेवा. सीओ जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र लिहू शकतात, आणि मदतीसाठी जायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही तुमच्या मूळ जिल्ह्याचंच, गोव्याचं नव्हे. ठराविक विशेष सेवेत असलेल्या जवानाविरुद्ध एकतर्फी निकाल होऊ नये म्हणून १९२५ चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट आहे. आपली पोस्टिंग त्यात बसते का, हे आधी विचारून घ्या. सातबाऱ्याची ताजी प्रत आणि दाव्याचा नंबर डीओच्या फाइलला जोडून द्या, म्हणजे पत्र लिहायची वेळ आली तर तुम्हाला गावाकडे फोन करत बसावं लागणार नाही.